केंद्रकातील प्रथिनाचा शोधकर्ता

माणसाच्या एका पेशीतील डीएनएचा धागा सरळ केला, तर तो सुमारे दोन मीटर भरतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात तो गुंता न होता मावतो, कारण त्याला गुंडाळून ठेवणारी प्रथिने तेथे असतात. त्यांपैकी हिस्टोन हे प्रथिन प्रथम हाती लागले ते जर्मन शास्त्रज्ञ अल्ब्रेख्ट कोसेल यांच्या.

१६ सप्टेंबर १८५३ रोजी रोस्टॉक येथे जन्मलेले कोसेल शिक्षणाने वैद्य. परंतु स्ट्रासबर्ग येथे होप-सायलर यांच्या सहवासात ते रसायनशास्त्राकडे वळले. १८८४ मध्ये त्यांनी प्रयोगासाठी हंसाचे रक्त निवडले. ही निवड मोठी मार्मिक म्हणावी लागेल. माणसाच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते, पक्ष्यांच्या पेशीत मात्र असते. त्या केंद्रकांतून सौम्य आम्लाच्या साहाय्याने त्यांनी हिस्टोन वेगळे केले. पुढे ॲडेनिनसारखी डीएनएची घटकद्रव्येही त्यांनी शोधली आणि १९१० मध्ये ते नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

हिस्टोनचे नेमके कार्य मात्र त्यांच्या हयातीत उलगडले नाही. ५ जुलै १९२७ रोजी हायडेलबर्ग येथे त्यांचे निधन झाले. आठ हिस्टोन रेणूंच्या गाभ्याभोवती डीएनए वेढे घेतो, ही रचना रॉजर कॉर्नबर्ग यांनी मांडली ती थेट १९७४ मध्ये. केंद्रकाच्या आवरणाला आतून आधार देणाऱ्या लॅमिन प्रथिनांवर हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ संस्थेत डॉ. वीणा परनाईक यांनी संशोधन केले, तेही या शोधानंतर सुमारे शतकाने.