फ्लेमिंग यांचा विसरलेला इशारा

अलेक्झांडर फ्लेमिंग म्हटले की बुरशी चढलेली काचेची बशी आठवते आणि बहुतेकांच्या लेखी त्यांचे चरित्र तेथेच संपते. वास्तविक १९४५ च्या डिसेंबरातील त्यांचे नोबेल व्याख्यान त्या बशीइतकेच मोलाचे होते.

स्कॉटलंडमधील डार्वेलनजीकच्या शेतकरी कुटुंबात १८८१ साली जन्मलेल्या फ्लेमिंग यांनी लंडनमधील एका जहाज कंपनीत चार वर्षे कारकुनी केली. काकांच्या वारशाचे थोडे पैसे हाती आले नसते, तर हा बुद्धिमान माणूस खर्डेघाशीतच मुरला असता. वैद्यक शिकून ते सेंट मेरीज इस्पितळात जंतुशास्त्राकडे वळले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये त्यांनी चिघळलेल्या जखमांनी मरणारे सैनिक पाहिले. तत्कालीन जंतुनाशके जंतूंपेक्षा रक्तातील पांढऱ्या पेशींचाच अधिक घात करतात, हेही दाखवून दिले. त्यामुळे १९२८ साली बुरशीभोवतीचे स्टॅफिलोकॉकस जंतू विरघळलेले दिसले, त्याला केवळ योगायोग म्हणणे अन्यायाचे होईल. अर्थात, त्या बुरशीपासून औषध सिद्ध केले ते ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी.

पेनिसिलिनपूर्वी हृदयाच्या झडपेवर जंतूंनी ठाण मांडले की मृत्यू जवळजवळ अटळ असे. झडपेवर साचलेल्या गुठळीत जंतू दडतात. पांढऱ्या पेशींचा तेथे शिरकाव होत नाही. प्रारंभी तुटपुंज्या मात्रेने हा रोग उलटे; भरपूर मात्रा कित्येक आठवडे दिल्यावरच रोगी वाचू लागले.

अपुऱ्या मात्रेचा धोका फ्लेमिंग यांनी ऐन गौरवाच्या प्रसंगी एका कल्पित कुटुंबाच्या आधारे सांगितला. घसा दुखणारा गृहस्थ स्वतःच थोडे पेनिसिलिन घेतो, त्याच्या शरीरातील जंतू औषधाला सरावतात, तेच पत्नीला ग्रासतात आणि ती औषध असूनही दगावते. चूक एकाची, भुर्दंड दुसऱ्याला: हा व्यवहार अर्थशास्त्राला अपरिचित नाही.

१९५५ साली फ्लेमिंग निवर्तले, तोपर्यंत इस्पितळांतील कितीतरी स्टॅफिलोकॉकस जंतू पेनिसिलिनला जुमानेनासे झाले होते. त्यांच्यावर तोड म्हणून आलेल्या मेथिसिलिनलाही न बधणारे जंतू इंग्लंडमध्येच सापडल्याचे १९६१ साली प्रसिद्ध झाले. १९२८ च्या बशीत विरघळलेल्या जंतूचेच हे भाऊबंद. ते झडपेवर बसले की आज व्हॅन्कोमायसिनसारखी मोजकीच औषधे उरतात. ती शिरेवाटे साधारण सहा आठवडे द्यावी लागतात, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर शस्त्रक्रिया करून झडपच बदलावी लागते.