सर सय्यद : पुस्तकाला पुस्तकाने उत्तर

17 ऑक्टोबर आला की आपण सर सय्यद अहमद खान यांची आठवण काढतो. अलिगढ, कॉलेज, इंग्रजी तालीम, सगळं सांगतो. पण ईशनिंदा या शब्दाचे चटके त्यांना दोन्ही बाजूंनी बसले, हे मुलांना क्वचितच सांगितलं जातं.

1817 साली दिल्लीत जन्मलेले सर सय्यद इंग्रज सरकारच्या न्यायखात्यात नोकरीला होते. त्या काळात विल्यम म्युर या अधिकाऱ्याने हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांचं चार खंडांत चरित्र लिहिलं. त्यातले आरोप वाचून सर सय्यद बेचैन झाले.

तेव्हा इंग्लंडच्या कायद्यात ईशनिंदा म्हणजे फक्त ख्रिस्ती धर्माची निंदा. भारतात 1860 च्या दंडसंहितेने सर्व धर्मांना संरक्षण दिलं खरं, पण धर्माचा अपमान करणाऱ्या लिखाणासाठी 295-अ हे कलम यायला 1927 उजाडलं.

सर सय्यद यांनी मग अभ्यासाची वाट धरली. 1869 मध्ये ते मुंबईहून बोटीने लंडनला गेले. मुलगा सय्यद महमूद याला तिथे शिकायचं होतं, आणि वडिलांना तिथल्या ग्रंथालयांत बसून उत्तर लिहायचं होतं. पैसे कमी पडले तेव्हा त्यांनी कर्ज काढलं, घरचं सामान विकायची तयारी ठेवली. 1870 मध्ये उत्तर इंग्रजीत छापून आलं. उर्दूत आपण ते खुतबात-ए-अहमदिया म्हणून ओळखतो. म्युर साहेब त्या वेळी सर सय्यद यांच्याच प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर होते, हेही लक्षात घ्या.

मायदेशी आल्यावर त्यांनी तहजीब-उल-अखलाक हे नियतकालिक काढलं. फरिश्ते, चमत्कार यांबद्दलची त्यांची मतं अनेक उलेमांना पटली नाहीत. मतभेद फतव्यांवर गेला. पैगंबरांच्या (स.) इज्जतीसाठी कर्जबाजारी झालेल्या माणसालाच काफिर ठरवलं गेलं. एका विरोधकाने तर थेट मक्केहून फतवा आणला.

सर सय्यद यांनी मतं सोडली नाहीत, पण ती लादलीही नाहीत. 1875 मध्ये अलिगढला मदरसा सुरू झाला, पुढे त्याचं कॉलेज झालं. तिथली दीनी तालीम त्यांनी जुन्या परंपरेच्या उलेमांकडे सोपवली. 27 मार्च 1898 रोजी त्यांचं निधन झालं. विद्यापीठाच्या जामा मशिदीच्या आवारातच त्यांची कबर आहे.

काळ बदलला तसा या शब्दाचा अर्थही बदलला. इंग्लंडने तर ईशनिंदेचा तो जुना गुन्हा 2008 मध्ये रद्दच केला. आज मोबाइलवर कुणाचं वाह्यात लिखाण येतं, पोरं चिडतात. चीड येणारच, ईमानाचाच भाग आहे तो. पण आम्ही शिक्षक म्हणून सांगू, त्या रागाला सर सय्यद यांनी दिलं तसं काम द्या: वाचा, शोधा, लिहा. आणि आपल्यातलाच कुणी वेगळा विचार मांडत असेल, तर काफिर हा शब्द तोंडातून काढण्याआधी अलिगढची ती कबर आठवा.