रडण्याला साथ देणारा पियानो

पन्नाशीला टेकलेल्या, नाव कमावलेल्या संगीतकाराने कॉलेजातली प्राध्यापकी सोडली आणि बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी पियानो वाजवायला घेतला. पॉल नॉर्डॉफ यांचे तोवरचे आयुष्य आखीव होते. १९०९ मध्ये फिलाडेल्फियात जन्म, ज्युलियार्डमध्ये शिक्षण, तरुणपणीच दोनदा गुगेनहाइम फेलोशिप, मार्था ग्रॅहम या थोर नर्तिकेच्या नृत्यरचनेला संगीत आणि मग बार्ड कॉलेजात अध्यापन.

१९५८ मध्ये रजा घेऊन ते युरोपात गेले. इंग्लंडमध्ये वूस्टरशायर परगण्यात सनफील्ड नावाचे विशेष मुलांचे निवासी केंद्र होते. तिथल्या मुलांवर संगीताचा होणारा परिणाम पाहून ते अस्वस्थ झाले. मायदेशी परतून त्यांनी नोकरी सोडली आणि १९५९ मध्ये ते पुन्हा सनफील्डला आले. तिथे क्लाइव्ह रॉबिन्स हे तरुण शिक्षक त्यांना भेटले. ही जोडी पुढे सुमारे १५ वर्षे टिकली.

नॉर्डॉफ पियानोवर बसत. रॉबिन्स मुलाजवळ राहून त्याला आधार देत. मुलापुढे एक ड्रम आणि एक झांज ठेवलेली असे. अमुक वाजव, असे त्याला कोणी सांगत नसे. मुलाचा पहिला ठोका कसाही पडो, वेडावाकडा, घाईचा किंवा अडखळत, नॉर्डॉफ तोच ठेका धरून वाजवू लागत. मूल थांबले की तेही थांबत. आपल्याकडे गवई मनाला येईल तसा वळतो आणि सारंगीवाला त्याच्या मागे जातो, तसेच हे. फरक इतकाच, की इथे गवई होता स्वमग्न किंवा बहुविकलांग मूल. आपण काही केले की समोरून उत्तर येते, हे अशा कित्येक मुलांना त्या खोलीत उमगू लागे. संवादाची सुरुवात शब्दांआधी इथूनच होते. तान्हे बाळ आणि आई यांच्यातही हुंकाराला हुंकार असाच चालतो.

त्यांच्या नोंदींतला सर्वांत गाजलेला प्रसंग जेमतेम साडेपाच वर्षांच्या एका मुलाचा आहे. तो खोलीत आला तोच किंचाळत. दुसऱ्या कोणी त्याला गप्प करायला पाहिले असते. नॉर्डॉफ यांनी त्या किंचाळण्यातले सूर टिपले आणि तेच पियानोवर उमटवले, तितक्याच जोरात. हळूहळू त्या मुलाचे रडणे पियानोच्या स्वरांना येऊन मिळू लागले. रडता रडता तो गाऊ लागला.

ही नुसती भावुकता नव्हती. प्रत्येक सत्र टेपवर ध्वनिमुद्रित होई. नंतर दोघे ते पुन्हा पुन्हा ऐकून मुलाचा प्रत्येक प्रतिसाद लिहून ठेवत. प्रगती मोजण्यासाठी त्यांनी श्रेणीही तयार केल्या. साठच्या दशकात पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या त्यांच्या कामाला अमेरिकी सरकारच्या मानसिक आरोग्य संस्थेचे अनुदान मिळाले.

हा उपचार म्हणजे जादू नव्हे, हेही सांगायला हवे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नऊ देशांतल्या ३६४ स्वमग्न मुलांच्या चाचणीत उत्स्फूर्त वादनावर आधारलेल्या संगीतोपचाराने पाच महिन्यांत लक्षणांच्या तीव्रतेत लक्षणीय फरक पडल्याचे दिसले नाही. त्यानंतरच्या, अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२२ च्या आढाव्याचा कौल अधिक अनुकूल आहे. एकंदर सुधारणा, जीवनमान आणि लक्षणांची एकूण तीव्रता यांत फायदा होण्याची शक्यता त्यात दिसते. संगीताने स्वमग्नता बरी होते, असे कोणी सांगत असेल तर पालकांनी सावध राहावे.

१९७४ मध्ये लंडनमध्ये पहिला प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. नॉर्डॉफ यांचे १९७७ च्या जानेवारीत पश्चिम जर्मनीतल्या हेर्डेके येथे निधन झाले. दोघांचे पद्धत सविस्तर मांडणारे पुस्तक त्याच वर्षी आले. त्या किंचाळणाऱ्या मुलाची टेप संगीतोपचाराचे विद्यार्थी आजही ऐकतात.