सव्वीस वर्षांनंतरचे उड्डाण

राईट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाची हकिगत बहुतेकांच्या परिचयाची आहे. परंतु त्या दोघांपैकी धाकटे बंधू ऑर्व्हिल यांना पुढे प्रदीर्घ काळ विमानाच्या सूत्रांपासून दूर राहावे लागले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

ऑर्व्हिल राईट यांचा जन्म १९ ऑगस्ट १८७१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, डेटन येथे झाला. थोरले बंधू विल्बर त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे. दोघांपैकी कोणीही महाविद्यालयाची पायरी चढले नाही. आधी छापखाना आणि मग सायकलींचे दुकान चालवून त्यांनी उपजीविका केली आणि त्याच कमाईतून उड्डाणाचे प्रयोग केले. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉक गावाजवळच्या वाळूच्या मैदानावर ऑर्व्हिल विमानाच्या खालच्या पंखावर पालथे झोपले आणि १२ सेकंदांत १२० फूट अंतर उडून गेले.

खरी परीक्षा पुढे होती. १७ सप्टेंबर १९०८ रोजी वॉशिंग्टनजवळ फोर्ट मायर येथे ते लष्करापुढे विमानाचे प्रात्यक्षिक दाखवीत होते. सोबत लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज हे तरुण अधिकारी बसले होते. विमान हवेत असतानाच त्याच्या एका पंख्याच्या पात्याला तडा गेला, सुकाणूला आधार देणारी तार तुटली आणि विमान जमिनीवर कोसळले. सेल्फ्रिज यांचा मृत्यू झाला. विमान अपघातात प्राण गमावलेली ती जगातील पहिली व्यक्ती होय. ऑर्व्हिल यांची मांडी आणि बरगड्या मोडल्या. शिक्षिका असलेली त्यांची बहीण कॅथरिन नोकरीतून रजा घेऊन धावत आली आणि कित्येक आठवडे रुग्णालयात त्यांच्या उशाशी बसून राहिली.

एवढ्या आघातानंतर उडण्याचा नाद सोडला असता, तरी कोणी नावे ठेवली नसती. मात्र १९०९ च्या उन्हाळ्यात ऑर्व्हिल त्याच फोर्ट मायरच्या मैदानावर परतले, पुन्हा विमानात बसले आणि लष्कराने घातलेल्या सर्व अटी पूर्ण केल्या. दुसऱ्या वर्षी, २५ मे १९१० रोजी, त्यांनी आपल्या ८१ वर्षांच्या वडिलांना विमानातून फिरवून आणले. धर्मगुरू असलेले मिल्टन राईट घाबरले तर नाहीतच, उलट विमान आणखी उंच नेण्यास मुलाला सांगत राहिले! त्याच दिवशी दोघे भाऊ एकत्र उडाले. तशी वेळ त्यांच्या आयुष्यात पुन्हा आली नाही.

१९१२ साली विषमज्वराने विल्बर यांचे निधन झाले. प्रत्येक विचार ज्याच्याशी वाद घालून पारखून घ्यावा, असा जोडीदारच गेला. ऑर्व्हिल यांचे मन व्यवसायात रमेना. १९१५ मध्ये त्यांनी आपली कंपनी विकली. इकडे अपघाताची जुनी दुखापत वाढत चालली होती. इंजिनाच्या हादऱ्यांनी कंबरेत असह्य कळा येत. १३ मे १९१८ रोजी त्यांनी आपले १९११ सालच्या बनावटीचे विमान उडवले आणि त्यानंतर चालकाची जागा सोडली. पुढे क्ष-किरण तपासणीत कळले, की कंबरेच्या हाडांना झालेली इजा १९०८ साली कोणाच्या लक्षातच आली नव्हती. म्हणजे जवळजवळ दहा वर्षे हा मनुष्य मोडक्या हाडांनिशी उडत होता.

पुढची वर्षे डेटनमधील प्रयोगशाळेत, लहानमोठी यंत्रे जुळवण्यात गेली. विमाने वाढत गेली. ती समुद्र ओलांडू लागली, टपाल नेऊ लागली आणि शहरांवर बॉम्बही टाकू लागली. ऑर्व्हिल हे सारे जमिनीवरून पाहत होते.

१९४४ च्या एप्रिल महिन्यात लॉकहीड कंपनीचे 'कॉन्स्टेलेशन' हे चार इंजिनांचे नवे विमान कॅलिफोर्नियाहून वॉशिंग्टनला सात तासांच्या आत पोहोचले. परतताना ते डेटनजवळ राईट बंधूंच्याच नावाच्या विमानतळावर उतरले. २६ एप्रिल रोजी ७२ वर्षांच्या ऑर्व्हिल यांना त्यात बसवण्यात आले. विमान आकाशात स्थिरावल्यावर सूत्रे थोडा वेळ त्यांच्या हाती देण्यात आली. सव्वीस वर्षांनी त्यांचे हात पुन्हा विमान चालवीत होते. पंखावर पालथे पडून तोल सांभाळण्याचे कारण आता नव्हते. आरामशीर आसन होते आणि समोर काच होती. विमानाची चारही इंजिने राईट याच नावाने ओळखली जात. ऑर्व्हिल यांच्या चौकस नजरेने एक गोष्ट मात्र अचूक टिपली. या विमानाच्या पंखांचा विस्तार १२३ फूट होता. किटी हॉकला त्यांनी पहिल्यांदा कापलेले अंतर त्याहून तीन फुटांनी कमी होते.

त्यानंतर त्यांनी विमान चालवले नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी डेटन येथेच त्यांचे निधन झाले. भारतात त्याच तारखेला महात्मा गांधींची हत्या झाली होती. ऑर्व्हिल यांचे १९०३ सालचे मूळ विमान तेव्हा लंडनच्या संग्रहालयाकडे होते. ते मायदेशी आले आणि १७ डिसेंबर १९४८ रोजी, पहिल्या उड्डाणाला ४५ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, वॉशिंग्टनमध्ये लोकांना पाहण्यासाठी ठेवण्यात आले.