उजेड, वारा आणि निवांतपणा : बाबासाहेबांनी विद्यार्थ्यासाठी मिळवलेली जागा

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र सांगताना त्यांच्या पदव्या, महाडचा सत्याग्रह, राज्यघटनेचे कार्य आणि धम्मदीक्षा यांचा उल्लेख आवर्जून होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु या चरित्रातून आरंभापासून अखेरपर्यंत वाहणारा एक धागा आहे, ज्याकडे शाळा-वसतिगृह चालवणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावयास हवे. तो धागा म्हणजे विद्यार्थी ज्या जागेत बसून शिकतो, त्या जागेचा विचार. विद्यार्थ्याला उजेड किती मिळतो, वारा मिळतो का, प्यायला पाणी जवळ आहे का, आणि मन एकाग्र होईल इतकी शांतता त्याच्या वाट्याला येते का, हे प्रश्न बाबासाहेबांनी पुस्तकातून उचलले नव्हते. त्या प्रत्येकाची किंमत त्यांनी स्वतः मोजली होती. म्हणूनच पुढे संस्था उभारण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी इमारतीला शिक्षणाचे अंग मानले.

दिनांक 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी यांच्या नोकरीनिमित्त कुटुंब साताऱ्यास आले आणि तेथील शाळेत लहानग्या भीमरावाचे शिक्षण सुरू झाले. त्या शाळेला भिंती होत्या, खिडक्या होत्या, छप्पर होते. इतर मुलांना मिळणारा उजेड-वारा तेथे होताच. परंतु भीमरावाला बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे आणि शाळा सुटल्यावर ते परत आणावे लागे. शाळेच्या नळाला त्याने हात लावायचा नसे. शिपायाने नळ सोडला तरच तहान भागे. इमारत कितीही चांगली असली तरी तिच्यातील सुख सर्वांना सारखे वाटले गेले नाही, तर ती इमारत अपुरीच राहते, हा धडा त्या वयातच त्यांच्या मनावर कोरला गेला असला पाहिजे.

पुढे कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत राहावयास आले. कामगारवस्तीतील ती एकच खोली. तेथेच स्वयंपाक, तेथेच चुलीचा धूर, भांडीकुंडी, सरपण आणि घरातील सारी माणसे. दिवसा त्या खोलीत अभ्यास होणे शक्यच नव्हते. यावर रामजींनी जो मार्ग काढला, तो साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. भीमराव संध्याकाळी लवकर झोपत. वडील रात्री दोन वाजेपर्यंत जागत आणि मग मुलाला उठवून स्वतः त्या जागी आडवे होत. जात्याशेजारची ती जागा, जवळ बांधलेली शेळी, आणि काचेवाचून मिणमिणणारा घासलेटचा दिवा, एवढ्या सामग्रीवर पहाटेपर्यंत अभ्यास चाले. चाळ झोपलेली असे, म्हणून शांतता मिळे. घरात जागा नव्हती म्हणून बापाने आपल्या झोपेतून मुलासाठी जागा काढली. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले, त्यामागे ही रात्रीची शांतता होती.

बडोदे संस्थानच्या साहाय्याने एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेऊन 1913 साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे विद्यार्थी-वसतिगृहाची खोली होती, आणि कोणी जात विचारून जागा बदलावयास सांगत नव्हते. विद्यापीठाचे ग्रंथालय हे त्यांचे दुसरे घर झाले. पुढे 1920 ते 1923 या काळात लंडनला उच्च शिक्षण घेताना ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात ते दार उघडताच जात आणि दार बंद होताना बाहेर पडत. 1857 साली खुले झालेले तेथील वर्तुळाकार वाचनालय हे बांधणीचे एक उत्तम उदाहरण आहे. वर प्रचंड घुमट, घुमटातील उंच खिडक्यांतून खाली येणारा उजेड, प्रत्येक वाचकाला स्वतंत्र मेज आणि शेकडो माणसे असूनही राखली जाणारी शांतता. परळच्या चाळीत जी शांतता मिळवण्यासाठी साऱ्या चाळीच्या झोपेची वाट पाहावी लागे, ती तेथे दिवसाढवळ्या प्रत्येक वाचकाला उपलब्ध होती. चांगली जागा लाभली की मनुष्य किती काम करू शकतो, याचा अनुभव त्यांनी तेथे घेतला.

या दोन परदेशवाऱ्यांच्या मध्ये 1917 चा बडोद्याचा प्रसंग आहे. करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास ते गेले, परंतु शहरात त्यांना कोणी राहावयास जागा देईना. अखेर एका पारशी पथिकाश्रमात नाव बदलून त्यांनी आसरा घेतला. वरच्या मजल्यावरील मोडक्या सामानाने भरलेल्या दालनात वीज नव्हती. रात्री एका कंदिलाचा तेवढा आधार, आणि अंधारात फिरणारी वटवाघळे. अमेरिकेतून विद्या संपादन करून आलेला हा तरुण तेथे पुस्तकात मन गुंतवून एकटेपणा सोसत होता. काही दिवसांतच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथूनही हुसकावले. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले. शहरातील एकही छप्पर त्यांचे झाले नाही. बसावयास जागा मिळाली ती बागेतच.

मुंबईस परतल्यावर आणि लंडनचे शिक्षण पूर्ण केल्यावर त्यांनी 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली. त्या वेळी ते स्वतः परळच्या बीआयटी चाळीतच राहत होते. सभेने शिक्षणासाठी जे पहिले ठोस पाऊल उचलले, त्याचा मान आपल्या सोलापूरला मिळाला. 4 जानेवारी 1925 रोजी सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. मुलांच्या जेवणाखाण्याचा, कपड्यांचा आणि वह्या-पुस्तकांचा भार सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेनेही त्यास साहाय्य केले. शाळा काढण्याऐवजी वसतिगृह का, याचे उत्तर त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात होते. हायस्कूल शहरात होते, पण खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात भाड्याने खोली मिळत नव्हती. गावातील घरी अंधार, धूर आणि गर्दी; शहरात दार बंद. शाळेच्या पाच-सहा तासांच्या बाहेर उरलेले अठरा तास तो मुलगा कोठे आणि कसा घालवतो, यावरच त्याचे शिक्षण टिकणार होते. वसतिगृह हे त्या अठरा तासांचे उत्तर होते.

हाच विचार 1928 साली स्थापन झालेल्या दलितवर्ग शिक्षण संस्थेने पुढे नेला. धारवाडच्या वसतिगृहाची धुरा बळवंतराव वराळे यांनी वाहिली, आणि पुढे औरंगाबादच्या कामातही तेच बाबासाहेबांचे विश्वासू सहकारी ठरले.

सन 1930 नंतर बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतःचे घर बांधावयास घेतले. ते बांधताना कुटुंबाच्या सोयीइतकाच, किंबहुना अधिक, विचार ग्रंथांचा आणि अभ्यासाच्या जागेचा होता. घराला नाव दिले राजगृह. हे नाव सहज सुचलेले नाही. मगधाची ती प्राचीन राजधानी. तेथेच राजा बिंबिसाराने तथागतांना वेळुवन दान दिले. ते दान देताना राजाने काय पाहिले, हे विनयपिटकात नोंदले आहे. जागा गावापासून फार दूर नसावी आणि फार जवळही नसावी. येणाऱ्या-जाणाऱ्यास सुलभ असावी. दिवसा तेथे गर्दी नसावी आणि रात्री गलबला नसावा. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही कसोटी आजच्या निवासी शाळेची जागा निवडणाऱ्यालाही पुरेशी आहे. बौद्ध परंपरेने शांततेला चैन मानले नाही, साधनेची गरज मानले.

1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. स्वस्त आणि मुबलक विजेवाचून उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांवाचून दारिद्र्य हटणार नाही, अशी त्यांची धारणा होती. दामोदर खोऱ्यासारख्या प्रकल्पांची आणि देशाच्या वीजनियोजनाची पायाभरणी त्या वर्षांत झाली. घासलेटच्या दिव्याखाली शिकलेल्या माणसाला विजेचे मोल कोणी सांगावे लागले नाही.

8 जुलै 1945 रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि जून 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. आरंभी ते युद्धकाळात उभारलेल्या लष्करी बराकींत भरत असे. नंतर फोर्ट भागातील इमारतींत गेले आणि त्या आनंद भवन व बुद्ध भवन या नावांनी ओळखल्या जाऊ लागल्या. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी तेथे सकाळचे वर्ग ठेवले गेले. मुंबईत तयार इमारतींत भागवावे लागले. मोकळ्या माळावर मनाजोगते काही उभारण्याची संधी मिळाली ती औरंगाबादेत. 1950 साली तेथे महाविद्यालय सुरू झाले, आणि 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवली गेली. महाविद्यालयाला राजा मिलिंदाचे आणि परिसराला भिक्खू नागसेनाचे नाव दिले गेले. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू, ही शिक्षणाची त्यांची कल्पना होती.

औरंगाबादच्या मुक्कामात बाबासाहेब प्रकृती साथ देत नसतानाही बांधकामाकडे जातीने लक्ष पुरवीत. विशेष आस्था होती ती झाडांविषयी. भेटावयास येणाऱ्याने झाड लावावे, असा त्यांचा आग्रह असे, अशी आठवण मराठवाड्यात आजही सांगितली जाते. उजाड माळाचे नागसेनवन झाले ते या आग्रहातून. याच शहरालगत आणि पुढे वेरूळ-अजिंठ्याला भिक्खूंची विहारे डोंगरात कोरलेली आहेत. मधला प्रशस्त मंडप, तिन्ही बाजूंना लहान निवासखोल्या, पुढे ओसरी. भोवतीच्या जाड खडकामुळे भर वैशाखातही आत गारवा. मराठवाड्याच्या उन्हात शिकण्याची आणि राहण्याची जागा कशी असावी, याचे उत्तर त्या लेण्यांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास धम्मदीक्षा आणि 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीस महापरिनिर्वाण. त्यांनी लावलेली संस्थांची रोपे मात्र वाढत राहिली. आपल्यासारख्या निवासी शाळा त्याच परंपरेतील आहेत. म्हणून नवी वर्गखोली किंवा नवे वसतिगृह बांधताना त्यांच्या चरित्रातील हा धागा आपण हाती धरला पाहिजे.

सोलापूरचा उन्हाळा सर्वांच्या परिचयाचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर जातो. आपल्या पूर्वजांनी जाड भिंतींची, माळवदाची घरे बांधली, ती याच उन्हाला ओळखून. आज पत्र्याखाली भरणारा वर्ग दुपारी भट्टीसारखा तापतो आणि पावसात त्याच पत्र्याच्या आवाजाने शिक्षकाचे शब्द बुडतात. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवून खिडक्या उत्तर-दक्षिणेस घेतल्या, समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा खेळता ठेवला, पश्चिमेच्या भिंतीला व्हरांड्याची वा कडुनिंबाची सावली दिली आणि गच्चीवर पांढरा चुना लावला, तर उन्हाचा मारा पुष्कळ कमी होतो. दिवसा वर्गात दिवा लावावा लागणे, हे बहुधा खिडकीची जागा चुकल्याचे लक्षण असते. जुना छताचा पंखा सुमारे 75 वॅट वीज घेतो. नव्या पद्धतीचा पंखा 30 वॅटच्या आसपास भागवतो. अशी वाचलेली वीज म्हणजे ग्रंथालयासाठी वाचलेला पैसाच होय.

शांततेचेही असेच आहे. शिकवणे चालू असताना वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज 35 डेसिबलपेक्षा अधिक नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. उघड्या सिमेंटच्या भिंतींत शब्द घुमतो आणि मागच्या बाकावर पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ हरवतो. वर्ग रस्त्यापासून आत घेणे, स्वयंपाकघर आणि पाण्याची मोटार अभ्यासिकेपासून दूर ठेवणे, मध्ये झाडांची रांग लावणे आणि भिंतीवर कापडी फलक टांगणे, या गोष्टींना खर्च थोडा लागतो, विचार अधिक लागतो. आणि ज्या गावाने हातमागाची आणि चादरीची कीर्ती मिळवली, तेथे कापडाची उणीव भासू नये.

हे सारे करताना कसोटी एकच ठेवावी. मागच्या बाकावरील, भिंतीकडेला बसलेल्या मुलाला फळा दिसतो का, शिक्षकाचा शब्द ऐकू येतो का, वाऱ्याची झुळूक लागते का, आणि रात्री त्याच्या वाट्याला उजेडाचे व शांततेचे मेज येते का? पुढच्या बाकाला मिळणारे सुख मागच्या बाकाला मिळत नसेल, तर साताऱ्याच्या शाळेतील ते गोणपाट अजून आपल्या वर्गातून उचललेले नाही, असे समजावे. ते उचलणे हे आपले काम आहे. 1925 साली याच सोलापुरात बाबासाहेबांच्या सभेने त्याचा आरंभ केला होता. आपल्या प्रत्येक नव्या खोलीने तो पुढे न्यावा.