डोळा क्षणभरही थांबत नाही, मग मोतीबिंदू काढायचा कसा? तंजावरच्या मराठी राजापासून सुरू होणारी गोष्ट

खापा. नागपूर जिल्ह्यात, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीकाठचं विणकरांचं जुनं गाव. तिथल्या आमच्या ओळखीच्या एका आजींचे डोळे जन्मापासून हलतात. डावीकडे-उजवीकडे, सतत, त्यांना न विचारता. डॉक्टर याला निस्टॅग्मस म्हणतात. आजींनी त्यातच संसार केला, सुईत दोरा ओवला. मान जराशी वळवली की नजर ठरते, हे त्यांना लहानपणीच कळलं होतं.

आता त्यांना मोतीबिंदू झालाय आणि घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलंय की ऑपरेशन होऊच शकत नाही. डोळा थांबतच नाही, तर डॉक्टर हात कुठे लावणार?

प्रश्न चुकीचा नाही. पण २०० वर्षांपूर्वी हा प्रश्न फक्त अशा आजींपुरता नव्हता. तेव्हा मोतीबिंदूच्या प्रत्येक रुग्णाचा डोळा हलायचा, कारण सुई जवळ आली की कुणाचाही डोळा हलणारच आणि तो थांबवायचं औषध जगात कुणाकडेच नव्हतं. त्या काळात एक मराठी राजा डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी ठेवून घेत होता. त्याचं नाव सरफोजी भोसले.

आधी एक खुलासा. हे भोसले म्हणजे आपले नागपूरकर भोसले नव्हेत. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे यांनी १६७०च्या दशकात तमिळ मुलखात तंजावरची गादी मिळवली, ते हे घराणं. दरबारात मराठी, कागदपत्रं मोडीत आणि आजूबाजूला तमिळ, तेलुगू, संस्कृत असा सगळा कारभार.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ चा. ते भोसल्यांच्याच दुसऱ्या शाखेतले. तंजावरचे राजे तुळजाजी यांना वारस उरला नव्हता, म्हणून त्यांनी १७८७ साली या नऊ वर्षांच्या मुलाला दत्तक घेतलं आणि त्याच वर्षी ते वारले. मग जे व्हायचं तेच झालं. तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंग गादीवर बसले, दत्तक बेकायदा ठरवलं गेलं आणि पोराचे दिवस जवळपास नजरकैदेत जायला लागले.

या मुलाला वाचवलं एका जर्मन पाद्र्याने. ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे तंजावरात राहणारे मिशनरी. तुळजाजींनी मरताना मुलाला त्यांच्या हवाली केलं होतं. श्वार्ट्झ यांनी कंपनी सरकारकडे त्याची बाजू लावून धरली आणि १७९३ मध्ये त्याला मद्रासला हलवण्यात आलं. तिथे तो इंग्रजी शिकला, युरोपातलं विज्ञान शिकला. पुढे कंपनीने दत्तकाचा निकाल फिरवला आणि जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. श्वार्ट्झ मात्र त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते. सरफोजींनी लंडनचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून त्यांचं संगमरवरी स्मारक घडवून घेतलं. मरणाला टेकलेल्या गुरूच्या खाटेजवळ उभा असलेला राजा, असं ते शिल्प आजही तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

गादी मिळाली, पण राज्य गेलं. १७९९ च्या तहाने सगळा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे उरला किल्ला आणि वर्षाचं ठरावीक उत्पन्न. वय जेमतेम बावीस. लढाया नाहीत, महसूल नाही, न्यायनिवाडा नाही. अशा बहुतेक राजांनी पुढचं आयुष्य शिकारीत नि नाचगाण्यात घालवलं. सरफोजींकडेही नाचगाणं होतंच, पण त्यांच्या पैशाचा मोठा वाटा पुस्तकांवर आणि उपकरणांवर गेला.

त्यांनी आधीपासून असलेलं सरस्वती महाल ग्रंथालय प्रचंड वाढवलं. १८०५ च्या सुमारास देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. महाराष्ट्रात छापील मराठी पुस्तक दिसायच्या आधीची ही गोष्ट आहे, हे वाचून मी दोनदा तारीख तपासली. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला, तो अजून वाचता येतो. १८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरला आले, तेव्हा लाव्हाझिए आणि लिनियससारख्या शास्त्रज्ञांबद्दल सहज बोलणारा हा राजा बघून ते चाट पडले होते.

आणि मग धन्वंतरी महाल. नावावरून आयुर्वेदाचं दुकान वाटेल, पण तसं नव्हतं. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपियन असे चारही प्रकारचे उपचार एका छपराखाली चालायचे. वैद्यांनी पारखलेले उपचार तमिळ पद्यात बांधून ठेवले गेले, त्यात डोळ्यांच्या आजारांचाही भाग आहे.

डोळ्यांच्या बाबतीत तंजावरने आणखी एक काम केलं, जे त्या काळात भारतात विरळच होतं. डोळ्यांच्या चाळीसहून अधिक रुग्णांच्या नोंदी इंग्रजीत लिहिल्या गेल्या. तक्रार काय, उपचार काय केला आणि सोबत त्या डोळ्याचं रंगीत चित्र. कॅमेरा यायचा होता, म्हणून दरबारी चित्रकार कामाला लागले. लाली, फूल, पांढरी पडलेली बाहुली असं दिसेल तसं रंगवलेलं. चेन्नईच्या शंकर नेत्रालयाच्या डॉक्टरांनी अलीकडे या कागदांचा अभ्यास करून त्यावर लिहिलं, तेव्हा कुठे ते नेत्रतज्ज्ञांच्या नजरेत आले.

राजा स्वतः शस्त्रक्रिया करायचा, असं तंजावरात अभिमानाने सांगितलं जातं. ते बाजूला ठेवलं तरी नोंदी ठेवणं हीच मोठी गोष्ट होती. गावोगाव फिरणारा सुईवाला वैद्य मोतीबिंदू पाडायचा आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला निघून जायचा. नंतर डोळा टिकला की सडला, हे त्याला कधी कळायचंच नाही. नोंद असली की रुग्णाला पुन्हा बघावं लागतं.

मोतीबिंदू पाडायचा म्हणजे काय? डोळ्यातलं भिंग दुधाळ होतं, तो मोतीबिंदू. जुन्या पद्धतीत डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बारीक सुई आत घालून ते भिंग खाली ढकलून द्यायचे. ते आतच पडून राहायचं, फक्त उजेडाची वाट मोकळी व्हायची. सुश्रुतसंहितेत याची कृती दिली आहे. रुग्णाला बसवायचं, मदतनिसांनी घट्ट धरायचं आणि रुग्णाने स्वतःच्या नाकाकडे बघत राहायचं. डावा डोळा असेल तर वैद्याने उजवा हात वापरायचा. नंतर शिंक, खोकला, ढेकर सगळं टाळायचं.

नाकाकडे बघण्याची ही सूचना मला फार आवडली. डोळा बांधता येत नाही, म्हणून नजरच बांधायची. गंमत म्हणजे जन्मजात निस्टॅग्मस असलेल्या बऱ्याच जणांचे डोळे जवळचं बघताना कमी हलतात. सुश्रुताला हे ठाऊक होतं असा दावा मी करत नाहीये.

७ मार्च १८३२ ला सरफोजी वारले. ईथर देऊन भूल द्यायचा पहिला जाहीर प्रयोग बॉस्टनला झाला १८४६ मध्ये, म्हणजे त्यानंतर १४ वर्षांनी. डोळ्यापुरती भूल यायला तर १८८४ उजाडलं. व्हिएन्नातला कार्ल कोलर नावाचा तरुण डॉक्टर कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवू शकला. प्रवासाला पैसे नव्हते म्हणून हायडेलबर्गच्या परिषदेत त्याचं काम दुसऱ्यानेच सादर केलं. त्यानंतर डोळ्याच्या मागे-बाजूला इंजेक्शन देऊन डोळा हलवणारे स्नायूच काही तास झोपवायची पद्धत रुळली. माणसाच्या ताकदीने डोकं दाबून धरण्याची गरज संपली.

तर आता आजींच्या घरच्यांना उत्तर. मोतीबिंदूचं ऑपरेशन आज बऱ्याचदा नुसते थेंब टाकून होतं, पण थेंबांनी डोळा फक्त बधिर होतो, थांबत नाही. म्हणून निस्टॅग्मस असेल तर सहसा इंजेक्शनची भूल देतात किंवा गरज पडली तर पूर्ण भूल. डोळा स्थिर होतो आणि शस्त्रक्रिया बाकीच्यांसारखीच होते.

खरी कटकट आधीची आहे. आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढायला डोळा मोजावा लागतो आणि त्यासाठी नजर एका जागी ठरावी लागते. मग मोजमाप पुन्हा पुन्हा घेतात. शिवाय डोळा सतत हलत असल्यामुळे महागडी मल्टिफोकल भिंगं अशा रुग्णांना सहसा सुचवत नाहीत, साधं भिंग बरं. आणि ऑपरेशननंतर डोळे हलायचे थांबतील ही अपेक्षा धरू नका. मोतीबिंदूच्या आधी जितकं दिसायचं, तितकं परत मिळवणं हा हिशेब असतो. काहींचं हलणं थोडं कमी होतं, पण सगळ्यांचं नाही.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या धरायच्या. मोठेपणी अचानक डोळे हलायला लागले, समोरचं जग थरथरताना दिसलं, तर तो मोतीबिंदूचा विषय नाही. मेंदू किंवा कान यांची तपासणी आधी. आणि तान्ह्या बाळाच्या बाहुलीत पांढरं दिसलं तर थांबू नका, कारण जन्मजात दाट मोतीबिंदू वेळेत काढला नाही तर त्यामुळेच डोळे हलायला लागतात. तिथे आठवड्यांचा हिशेब असतो.

सरफोजींनंतर त्यांचे पुत्र शिवाजी गादीवर आले. ते वारले आणि १८५५ मध्ये वारस नाही म्हणून कंपनीने तंजावरचं राजपद संपवलं. वर्षभर आधीच नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालं होतं. सरस्वती महाल मात्र टिकला. १९१८ पासून तो लोकांसाठी खुला आहे आणि डोळ्यांच्या त्या नोंदी तिथेच आहेत.

आजी पुढच्या आठवड्यात नागपूरला तपासायला जाणार आहेत. मान कुठल्या बाजूला वळवली की नजर ठरते, हे डॉक्टरांना आधीच सांगायचं असं ठरलंय. मोजमाप घेताना ते कामी येतं.