शेकडो मंदिरांना ज्यांचं नाव लागलं, ते हेमाडपंत नेमके कोण होते?

गोंदिया शहराजवळच्या नागरा गावात महादेवाचं जुनं मंदिर आहे. ते 'हेमाडपंती' म्हणून ओळखलं जातं. महाराष्ट्रात अशी शेकडो मंदिरं आहेत. पण ज्यांचं नाव त्यांना लागलं, ते हेमाडपंत ना पाथरवट होते, ना शिल्पकार.

त्यांचं मूळ नाव हेमाद्री, वडिलांचं कामदेव. 13व्या शतकात देवगिरीचे यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांच्या दरबारात ते 'श्रीकरणाधिप' होते. म्हणजे राज्याचं दफ्तर त्यांच्या हाती होतं. 1272च्या ठाण्याच्या ताम्रपटात त्यांचा उल्लेख आहे.

हेमाडपंतांनी 'चतुर्वर्गचिंतामणी' हा धर्मशास्त्राचा प्रचंड ग्रंथ रचला. 'अष्टांगहृदय' या वैद्यक ग्रंथावर टीका लिहिली. व्याकरणकार बोपदेवांना आश्रय दिला. मोडी लिपी रुजवण्याचं श्रेयही परंपरा त्यांनाच देते. महानुभाव पंथाच्या आठवणी मात्र कडवट आहेत. चक्रधर स्वामींच्या छळामागे हेमाडपंत होते, असं ही परंपरा मानते.

मग मंदिरांचं काय?

या बांधकामात चुना नसतो. दगडाला खाच पाडायची, दुसऱ्याचं कुसू त्यात बसवायचं. छतासाठी दगडाचा प्रत्येक थर थोडा आत सरकवत न्यायचा. वजनावरच सगळं उभं राहतं. याच काळात, 1260 मध्ये, फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलचं विधिवत अर्पण झालं. तिथे टोकदार कमानी, चुन्याचे सांधे आणि भिंतींना बाहेरून दगडी टेकू आहेत. शतक एकच, पण उंच छत पेलण्याच्या रीती दोन.

खरी मेख पुढे आहे. अंबरनाथचं शिवमंदिरही सर्रास हेमाडपंती म्हटलं जातं. पण ते शिलाहारांच्या काळातलं, शके 982 म्हणजे 1060चं. हेमाडपंतांच्या सुमारे 200 वर्षं आधीचं! म्हणजे ही शैली त्यांनी शोधलेली नाही. यादवकाळात अशी मंदिरं भरपूर झाली आणि बड्या मंत्र्याचं नाव लोकांच्या तोंडी बसलं.

यात हेमाडपंतांचं काही गेलं नाही. गेलं ते इतरांचं. एका शिक्क्याखाली शिलाहारांसारखे आधीचे राजे झाकले गेले आणि दगड घडवणारे हात तर निनावीच राहिले.

पुढच्या वेळी हेमाडपंती मंदिरात गेलात, तर नावाबरोबर दगडांचे सांधेही बघा. कारागिरांची सही तिथेच आहे.